पडक्या घरांची राखणदार : ऑक्टेव्हिया हिल



२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर पलूस तालुक्यातला माणूस जन्मात विसरणार नाही. कृष्णेचे पाणी भिलवडी, अंकलखोप, ब्रह्मनाळ अशा काठच्या गावांत शिरले. ब्रह्मनाळला तर गाव सोडून निघालेल्या माणसांची बोट उलटली आणि कित्येक घरांतली माणसे गेली. पाणी ओसरल्यावर चहूकडून मदत आली. फावडी, घमेली, खराटे घेऊन तरुण मुले-मुली टेम्पो भरभरून आली आणि घराघरांतला गाळ उपसू लागली. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण जुन्या मातीच्या घराचा एक स्वभाव असतो. पुरात भिजलेली भिंत पाणी उतरल्याबरोबर पडतेच असे नाही. ती सुकू लागली की तिला भेगा जातात, मग कोपरा सुटतो. भेगा दिसेपर्यंत टेम्पो परत गेलेले असतात. यात दोष कुणाचाच नाही. आलेल्यांना आपापली कामे होती.

हे आता आठवायचे कारण असे की, सुट्टीत गट करून मुंबई-पुण्याच्या एखाद्या जुन्या वस्तीत जावे, तिथल्या मोडक्या घरांची डागडुजी करावी, भिंतींना रंग द्यावा, अशी कल्पना आपल्या तरुणांच्या बोलण्यात अधूनमधून येते. कल्पना चांगली आहे, आणि ती घरे आपल्याला परकीही नाहीत. सातारा-सांगलीकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या गिरणगावात गेली. दहा बाय दहाच्या खोलीत पाळ्यापाळ्यांनी झोपली आणि गावाकडे मनीऑर्डर पाठवत राहिली. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांची हाडे त्या चाळींतच झिजली.

अशा घरांच्या डागडुजीचे काम लंडन शहरात १८६५ साली एका सव्वीस वर्षांच्या मुलीने हाती घेतले आणि मरेपर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षे, केले. तिचे नाव ऑक्टेव्हिया हिल. त्या आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. अँग्लिकन पंथाच्या होत्या. पण गरिबाच्या घराचा उंबरठा ओलांडणाऱ्या प्रत्येकाने त्यांचे चरित्र वाचावे असे आहे, आणि त्यातल्या काही गोष्टी आपल्याला पटणार नाहीत अशाही आहेत.

ऑक्टेव्हिया यांचा जन्म ३ डिसेंबर १८३८ रोजी इंग्लंडमधल्या विसबेच या गावी झाला. वडील जेम्स हिल हे धान्याचे व्यापारी होते आणि बँकेचा व्यवसायही करीत. त्यांना पहिल्या दोन लग्नांची मुले होती. ऑक्टेव्हियाची आई कॅरोलीन ही त्यांची तिसरी पत्नी. ती मुलांच्या शिक्षणावर लिहिणारी, विचारी बाई होती. ऑक्टेव्हिया ही आठवी मुलगी, म्हणून लॅटिन भाषेतल्या ‘आठ’ या शब्दावरून तिचे नाव पडले. १८४० साली वडिलांचे दिवाळे निघाले. त्या धक्क्याने त्यांचे मन जे खचले ते पुन्हा सावरले नाही. घर, दुकान, प्रतिष्ठा सगळे गेले. आईने मुलींना घेऊन आपल्या वडिलांचा आधार धरला.

हे आजोबा, डॉ. थॉमस साउथवुड स्मिथ, लंडनच्या तापाच्या रुग्णालयात डॉक्टर होते. साथीचे रोग गरिबांच्या वस्तीतच का थैमान घालतात हे शोधण्यात त्यांचे आयुष्य गेले. तुंबलेली गटारे, पिण्याचे घाण पाणी, खिडकी नसलेल्या खोल्या यांच्याविषयी ते सरकारला अहवालामागून अहवाल देत. नातीच्या कानावर लहानपणापासून हेच पडत होते.

१८५२ साली आईला लंडनमध्ये काम मिळाले. गरजू स्त्रियांना हस्तकलेतून चार पैसे मिळावेत म्हणून ख्रिस्ती समाजवादी मंडळींनी एक सहकारी संस्था काढली होती, तिची व्यवस्था आईकडे आली. त्याच संस्थेत गरीब शाळकरी मुली बाहुल्यांच्या घरांसाठी छोटे छोटे लाकडी सामान बनवीत. त्या विभागाची देखरेख ऑक्टेव्हियाकडे सोपवली गेली. तिचे वय होते चौदा! काही मुली तिच्याहून मोठ्या होत्या. हिशेब ठेवणे, मजुरी वाटणे, माल तपासणे हे सगळे ती करी. दुपारचे जेवण सगळ्यांनी वर्गणी काढून एकत्र शिजवावे अशी प्रथा तिने पाडली. एखादी मुलगी आली नाही की ती तिच्या घरी चौकशीला जाई. अशा चौकशांतून तिने लंडनची तळघरे आणि माळे पाहिले. आयुष्यभराच्या कामाची दिशा कोणत्या दिवशी ठरली असे कुणी विचारले, तर या चौकशांकडेच बोट दाखवावे लागेल.

याच दिवसांत अँग्लिकन धर्मगुरू फ्रेडरिक डेनिसन मॉरिस यांची प्रवचने ती ऐकू लागली. देवाची भक्ती आणि शेजाऱ्याच्या घरातले गटार या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, असा त्यांच्या शिकवणुकीचा रोख होता. तरुणपणी ती त्यांच्याच प्रभावाने अँग्लिकन झाली. १८५६ साली मॉरिस यांच्या कामगार महाविद्यालयातील स्त्रियांच्या वर्गांची चिटणीस म्हणून तिला नोकरी मिळाली. शिवाय ती जॉन रस्किन या प्रसिद्ध कलासमीक्षकांसाठी जुन्या चित्रांच्या नकला करून देई. हे तेच रस्किन, ज्यांच्या पुस्तकावरून गांधीजींनी पुढे ‘सर्वोदय’ लिहिले. पुढे बहिणींबरोबर तिने घरातच मुलींची शाळा चालवली. म्हणजे पोटापाण्यासाठी शिकवणे, चित्रे काढणे आणि उरलेल्या वेळात गरिबांकडे जाणे असा तिचा दिनक्रम होता. श्रीमंत घरच्या फुरसतीतून आलेली ही समाजसेवा नव्हती.

त्या काळचे लंडन म्हणजे जगातले सर्वांत मोठे शहर. खेड्यांतून माणसांचे लोंढे येत होते आणि एकेका खोलीत एकेक कुटुंब राहत होते. मूळ मालक दूर कुठेतरी राही. तो इमारत भाडेपट्ट्याने दुसऱ्याला देई, दुसरा तिसऱ्याला देई आणि हा तिसरा दर आठवड्याला खोलीखोलीतून भाडे ओरबाडी. दुरुस्ती कुणीच करीत नसे. ऑक्टेव्हियांना असा एक घरमालक भेटला की ज्याचा मूळ धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा होता. भाडे बुडते याची त्याला फारशी चिंता नव्हती. त्या घरांतून जी मरणे होत, त्यांवर आपले भागते, असा त्याचा सरळ हिशेब होता. ऑक्टेव्हियांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. तो एकदा वाचला की मनातून जात नाही.

ओळखीच्या गरीब कुटुंबांसाठी त्यांनी बऱ्या खोल्या शोधून पाहिल्या. मुलेबाळे असलेल्या गरिबाला कुणी दारात उभे करीना. तेव्हा, घरे आपल्याच ताब्यात घेतल्याशिवाय इलाज नाही, हे त्यांच्या मनाने घेतले. पण पैसा कुठून आणायचा? १८६४ साली रस्किन यांचे वडील वारले आणि मुलाच्या हाती मोठी संपत्ती आली. ऑक्टेव्हियांनी आपली योजना त्यांच्यापुढे मांडली. रस्किन यांनी ती मान्य केली, पण एक अट घातली. गुंतवलेल्या रकमेवर दरसाल पाच टक्के उत्पन्न निघाले पाहिजे. त्यांना पैशाचा लोभ नव्हता. हे काम धर्मादाय म्हणून केले तर ते एका दात्याबरोबर संपेल. पाच टक्के सुटतात हे दिसले तर दुसरेही पुढे येतील, असा विचार होता. १८६५ साली लंडनच्या मॅरिलबोन भागात ७५० पौंडांना तीन घरांचा भाडेपट्टा घेतला गेला. गल्लीचे नाव होते पॅरडाइस प्लेस, म्हणजे नंदनवन!

या नंदनवनाचे आणि त्याला लागून पुढे घेतलेल्या घरांचे वर्णन ऑक्टेव्हियांनी करून ठेवले आहे. भिंतींचा गिलावा ढासळत होता. छत गळत होते, म्हणून जिन्यावर बादली ठेवलेली. जिन्यात मिट्ट काळोख. कठड्याच्या लाकडी पट्ट्या भाडेकरूंनी थंडीत जाळून टाकलेल्या. मागच्या अंगणातली फरशी फुटून डबकी साचलेली. सगळ्या घरांना मिळून पाण्याचे एकच पिंप, तेही गळके. पाणी आले त्या वेळी ज्याने भांडे भरले त्याला मिळाले, बाकीचे कोरडे. एके ठिकाणी त्यांनी खिडक्यांच्या काचा मोजल्या. १९२ काचांपैकी धड होत्या फक्त आठ.

आता आपल्यापैकी कुणी असते तर काय केले असते? आठ दिवसांत गवंडी, सुतार, रंगारी लावून सगळे लखलखीत केले असते आणि उद्‌घाटनाला पाहुणे बोलावले असते. ऑक्टेव्हियांनी तसे केले नाही. गटार, पाणी आणि छप्पर ही तीन कामे मात्र ताबडतोब केली, कारण त्यांच्यावाचून माणूस आजारी पडतो. बाकीचे सगळे हळूहळू. प्रत्येक घराच्या दुरुस्तीसाठी वर्षाला ठरावीक रक्कम बाजूला ठेवली. मोडतोड कमी झाली आणि त्या रकमेतून काही उरले, तर तो पैसा कशावर खर्च करायचा हे भाडेकरूंनी ठरवायचे. कुणी कपाट मागितले, कुणी कपडे धुण्यासाठी सोय मागितली. साहजिकच काच फुटली की ती आता मालकाची काच राहिली नाही. ज्या पोराने दगड मारला त्याचा कान शेजारीण धरू लागली.

दुरुस्तीची कामे त्या मुद्दाम राखून ठेवीत. मंदीच्या दिवसांत ज्या भाडेकरूच्या हाताला काम नसे, त्यालाच ते काम मिळे. जिने आणि बोळ घासण्याचे काम थोरल्या मुलींना दिले आणि त्याचे पैसे दिले. या मुली आठवडाभर जिना घासत, मग तो जिना कुणाला घाण करू देत नसत. बाहेरच्या माणसांनी येऊन घर दुरुस्त करण्यापेक्षा हे काम कितीतरी हळू चालते. पण त्या घरात जो राहतो त्याच्या हातात ते राहते. मला तर त्यांच्या सगळ्या कामातली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

आणि या सगळ्याचा कणा म्हणजे आठवड्याची फेरी. भाडे दर आठवड्याला गोळा करायचे असे. ते वसूल करायला गुमास्ता पाठवण्याऐवजी त्या स्वतः जात. ठरलेल्या दिवशी दार वाजे, भाडे दिले जाई, पुस्तकात नोंद होई आणि त्याबरोबर चार शब्द होत. कुणाचे मूल आजारी आहे, कुणाचा नवरा दारू पिऊन पडला आहे, कुठली मोरी तुंबली आहे, कुणाच्या मुलीला नोकरी हवी आहे, हे त्या चार शब्दांत कळे. भाडे घ्यायला आलेली बाई ही दान द्यायला आलेली बाई नसते. तिच्यापुढे भाडेकरूला मान खाली घालावी लागत नाही. उलट, पैसे मोजून दिल्यावर तो हक्काने सांगू शकतो की नळ गळतो आहे, पाहा. आणि तिला ते करावेच लागे.

भाड्याच्या बाबतीत मात्र त्या फार कडक होत्या. थकबाकी साचू देत नसत. सांगूनही जो देईना त्याला खोली सोडावी लागे. आपल्याला हे वाचताना जड जाते. घरात चूल पेटलेली नाही आणि दारात ख्रिस्ती बाई भाडे मागते आहे, हे चित्र मनाला बोचते. त्यांचे म्हणणे होते की मालकाने आपले कर्तव्य काटेकोर पाळावे आणि भाडेकरूने आपले. एकाने सूट घेतली की दुसराही घेतो आणि शेवटी छप्पर गळू लागते. यात तथ्य आहे. पण सूट न मिळालेली ती कुटुंबे पुढे कुठे गेली असतील, हाही प्रश्न आपण विचारला पाहिजे.

काम वाढू लागले. १८६६ साली शेजारच्या फ्रेशवॉटर प्लेसमधली घरे मिळाली. तिथे मुलांना खेळायला मोकळी जागा केली. १८७४ पर्यंत अशा पंधरा ठिकाणी सुमारे ३,००० भाडेकरू त्यांच्या देखरेखीखाली आले. एकट्या बाईला एवढी दारे वाजवणे शक्य नव्हते. मग स्वयंसेविका आल्या.

या स्वयंसेविका बहुतेक सुशिक्षित, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुली होत्या. काही चर्चच्या मंडळांतून आलेल्या. मॅरिलबोनमधल्या सेंट मेरी चर्चचे धर्मगुरू फ्रीमँटल यांच्याबरोबर ऑक्टेव्हियांनी धर्मग्रामातल्या गृहभेटींची नवी व्यवस्था लावली होती. भावनेच्या भरात येऊन दोन दिवसांनी न येणाऱ्या मुलींचा त्यांना उपयोग नव्हता. स्वयंसेविकेला एक ठरावीक गल्ली मिळे आणि ती गल्ली तिची असे. तिला हिशेबाची वही लिहिता आली पाहिजे, गटाराचा उतार कुठे चुकला आहे ते कळले पाहिजे, घरपट्टी आणि भाड्याचे कायदे ठाऊक पाहिजेत, गवंड्याचे बिल तपासता आले पाहिजे. एवढे शिकल्यावर ती एकटी जाई. १८७२ पासून ऑक्टेव्हिया दरवर्षी या साऱ्या सहकाऱ्यांना एक छापील पत्र पाठवू लागल्या. वर्षभरात काय झाले, कुठे चुकले, कुणी दिलेला पैसा कुठे खर्च झाला, सगळे त्यात असे. हा क्रम जवळजवळ चाळीस वर्षे चालला.

या मुलींपैकी पुढे कोण कोण झाले ते पाहण्यासारखे आहे. एमा कॉन्स यांनी कामगारांसाठी लंडनचे ‘ओल्ड व्हिक’ हे नाट्यगृह नावारूपाला आणले. हेन्रिएटा रोलंड या मुलीने सॅम्युएल बार्नेट या धर्मगुरूंशी लग्न केले आणि दोघांनी १८८४ साली पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत टॉयन्बी हॉल उभा केला. तिथे विद्यापीठातले तरुण वस्तीतच येऊन राहत, शेजारी म्हणून. ही कल्पना इंग्लंडातून अमेरिकेत गेली. आणि गंमत म्हणजे तीच परंपरा फिरून आपल्या महाराष्ट्रात आली. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी मुंबईत नागपाडा नेबरहूड हाऊस सुरू केले. त्याच नागपाड्यात १९३६ साली टाटा विश्वस्तांच्या मदतीने समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. आपल्याकडची कितीतरी मुले आज समाजकार्याची पदवी घेतात. त्या पदवीच्या मुळाशी हातात भाड्याची वही घेऊन अंधारा जिना चढणाऱ्या या बाया आहेत.

हे सगळे सुरळीत चालले असे मात्र नाही. १८७७ हे वर्ष ऑक्टेव्हियांना फार वाईट गेले. रस्किन यांना व्यवहार जमत नाही अशा अर्थाचे काहीतरी त्या बोलल्याचे रस्किन यांच्या कानावर गेले. ते संतापले आणि त्यांनी हा वाद आपल्या नियतकालिकात सर्वांसमोर छापला. ज्यांच्या पैशावर कामाचा पाया घातला गेला होता, त्यांनीच असा जाहीर पाणउतारा केला. त्याच सुमारास एडवर्ड बाँड या गृहस्थांशी ठरलेले लग्न मोडले. एक जवळची मैत्रीण गेली. ऑक्टेव्हिया खचल्या, अंथरुणाला खिळल्या आणि बराच काळ त्यांना परदेशात विश्रांतीसाठी राहावे लागले. हॅरियट यॉर्क ही मैत्रीण त्या वेळी सोबतीला आली आणि शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर राहिली. विशेष हे की ऑक्टेव्हिया नव्हत्या त्या काळातही घरांचे काम थांबले नाही. ठरलेल्या दिवशी ठरलेली दारे वाजतच राहिली. स्वयंसेविका कशा तयार केल्या होत्या याची कसोटी त्याच काळात लागली.

आता या चरित्रातला असा भाग येतो की जो चर्चच्या माणसांनी थोडे थांबून वाचावा. लंडनमधल्या साउथवर्क, डेप्टफर्ड अशा भागांत कित्येक पडकी, कोंदट घरे होती. त्यांतल्या बऱ्याच घरांचा मूळ मालक कोण? चर्च ऑफ इंग्लंड! चर्चच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या आयुक्तांच्या नावावर त्या जमिनी होत्या. पिढ्यान्‌पिढ्या त्या लांब मुदतीच्या पट्ट्याने दिलेल्या असल्यामुळे वर काय चालले आहे याकडे कुणी पाहिले नव्हते. पट्ट्यांच्या मुदती संपल्या तेव्हा ही मोडकळीस आलेली घरे चर्चच्या पदरात पडली. देवळात गरिबांसाठी प्रार्थना, आणि देवळाच्याच मालकीच्या खोलीत गरिबाचे मूल ओलीने खोकते आहे, अशी स्थिती होती. १८८४ साली आयुक्तांनी ऑक्टेव्हियांना बोलावले आणि साउथवर्कमधली काही घरे त्यांच्या हाती दिली. पुढे हळूहळू अधिक घरे सोपवली. जी दुरुस्त होण्यासारखी होती ती दुरुस्त केली. जी नव्हती तिथे नवी छोटी घरे बांधायला त्यांनी आयुक्तांचे मन वळवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉलवर्थ भागातली चर्चची मोठी वसाहत अशीच नव्याने उभी राहिली आणि तिची व्यवस्थाही त्यांच्याकडेच आली. डेप्टफर्डमध्ये मात्र त्यांना फार त्रास झाला. तिथली गल्ली त्यांच्या शिस्तीला दाद देईना.

साउथवर्कमध्येच एक कागदाचा कारखाना जळून राखेचा ढिगारा पडला होता. आयुक्तांनी ती जागा दिली आणि १८८७ साली तिथे ऑक्टेव्हियांनी रेड क्रॉस गार्डन ही बाग केली. बागेत तळे, कारंजे, झाडे. कडेला भाड्याने देण्यासाठी छोटी सुंदर घरे. आणि लोकांना जमायला एक सभागृह. सभागृहाच्या भिंतींवर वॉल्टर क्रेन या चित्रकाराकडून चित्रे काढून घेतली. चित्रे राजे-सेनापतींची नव्हेत. त्याच भागात १८८५ साली एका घराला आग लागली तेव्हा अ‍ॅलिस एअर्स नावाच्या तरुण मोलकरणीने आपल्या भाच्यांना खिडकीतून वाचवले आणि स्वतः जीव गमावला. तिचे चित्र तिथे लागले. गरिबाच्या पोराला मान वर करून पाहता येईल असा माणूस त्याच्याच गल्लीतला असावा, ही त्यामागची दृष्टी होती.

माणसाला छप्पर हवे तसे थोडे आकाशही हवे, असे त्यांना वाटे. म्हणून शहरातली मोकळी मैदाने, जुन्या दफनभूमी लोकांसाठी खुल्या ठेवण्याकरिता त्या झगडल्या. रॉबर्ट हंटर हे वकील आणि हार्डविक रॉन्सली हे धर्मगुरू यांच्यासह १८९५ साली त्यांनी ‘नॅशनल ट्रस्ट’ ही संस्था स्थापली. जगात त्यांचे नाव आज जास्त करून या संस्थेमुळेच घेतले जाते. पण तो वेगळा विषय आहे.

त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर चरित्राची आरती होईल. सरकारने किंवा नगरपालिकेने गरिबांसाठी घरे बांधावीत, याला त्यांचा विरोध होता. वृद्धांना सरकारी निवृत्तिवेतन द्यावे, हेही त्यांना मान्य नव्हते. इतके मोठे काम करणाऱ्या या बाईंनी स्त्रियांच्या मतदानाच्या हक्कालाही विरोध केला! माणसाने माणसाला ओळखून केलेली मदतच खरी, सरकारी यंत्रणेला कुणाचा चेहरा दिसत नाही, अशी त्यांची धारणा होती. १९०५ साली गरिबांच्या कायद्याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या शाही आयोगावर त्या सदस्य होत्या. त्याच आयोगावर बीट्रिस वेब याही होत्या. त्यांनीही तरुणपणी लंडनच्या गरिबांच्या इमारतींत भाडी गोळा केली होती, आणि त्या अनुभवातून अगदी उलटा निष्कर्ष काढला होता. स्वयंसेविकांनी कितीही दारे वाजवली तरी लाखो माणसांची घरे त्याने होणार नाहीत, सरकारला उतरावेच लागेल, असे त्यांचे मत होते. आकड्यांच्या बाबतीत वेबबाईंचे खरे ठरले, असेच म्हणावे लागते.

पण सरकार उतरले म्हणजे काय होते, तेही पाहू. लंडनच्या नगर परिषदेने ओल्ड निकोल ही बकाल वस्ती पाडून १९०० साली तिथे सुंदर इमारती उभ्या केल्या. त्यांत जुन्या रहिवाशांपैकी बोटांवर मोजण्याइतकेच राहायला आले. नवे भाडे बाकीच्यांना झेपले नाही. मुंबईतही तेच झाले. १८९६ मध्ये प्लेगची साथ आली आणि १८९८ साली शहर सुधारण्यासाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला गेला. त्याने वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले. पण पहिल्या कित्येक वर्षांत पाडलेल्या खोल्या जास्त आणि गरिबांना दिलेल्या खोल्या कमी, असाच जमाखर्च राहिला. उठवलेली माणसे शेजारच्या वस्तीत दाटीने शिरली. त्यांत आपल्याकडची माणसे कितीतरी असतील. स्वातंत्र्यानंतर भाडी गोठली, मालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतले आणि इमारती कोसळू लागल्या. तेव्हा १९६९ साली महाराष्ट्र सरकारला दुरुस्तीसाठी वेगळे मंडळ नेमणारा कायदा करावा लागला. रहिवाशांकडून उपकर घ्यायचा आणि त्यातून इमारतींची डागडुजी करायची. तेच काम पुढे म्हाडाकडे गेले. उपकरप्राप्त इमारत हा शब्द मुंबईत नातेवाईक असलेल्या प्रत्येकाने ऐकला असेल. रहिवाशाने पैसे भरायचे आणि त्यातून घर नीट राहायचे, ही कल्पना पॅरडाइस प्लेसहून फार वेगळी नाही. फरक एवढाच की तिथे भाडे घेणारी बाई दर आठवड्याला जिना चढून वर येत असे.

१८९८ साली साठाव्या वाढदिवसाला सहकाऱ्यांनी ऑक्टेव्हियांचे तैलचित्र काढून घेतले. सार्जंट या नामांकित चित्रकाराने ते रंगवले. आपल्या नावाने एखादी पद्धत किंवा पंथ निघावा, हे त्यांना पसंत नव्हते. पुढच्या माणसांनी पुढच्या काळाची गरज पाहून काम करावे, असे त्या सांगत. तरीही अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात १८९६ साली त्यांच्या नावाची संस्था निघालीच. हॉलंड आणि जर्मनीतूनही मुली त्यांच्याकडे शिकायला येऊन गेल्या.

शेवटच्या आजारात त्यांनी एकेक वसाहत तयार झालेल्या सहकारिणींच्या हवाली केली. १३ ऑगस्ट १९१२ रोजी मॅरिलबोनमधल्या राहत्या घरी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत, राजे आणि कवी जिथे विसावले आहेत तिथे, त्यांच्या दफनाची तयारी दाखवली गेली होती. पण त्यांच्या इच्छेप्रमाणे केंट परगण्यातल्या क्रॉकहॅम हिल या खेड्यातल्या चर्चच्या आवारात, बहीण मिरांडा हिच्या शेजारी, त्यांना पुरण्यात आले. पॅरडाइस प्लेसचे नाव पुढे बदलून गार्बट प्लेस झाले. तिथल्या भिंतीवर आता त्यांच्या नावाचा निळा फलक आहे. साउथवर्कमधली ती बाग आणि तिच्या कडेची छोटी घरेही अजून आहेत.